ऐकणारीनं पाठ फिरवली

१

"आणि ही आपली ऐकणारी," मी नेहमीच्या सुरात सांगत होते. "हिच्या कानावर काय आलंय ते शिल्पकार बाईंनी कुणाला सांगितलं नाही. कुणी म्हणतं नवऱ्याची वाईट बातमी, कुणी म्हणतं मुलाची. ओठांचे कोपरे बघा. आत्ता रडेल की मग रडेल. आम्ही गावातली माणसं लाडानं हिला रडूबाई म्हणतो."

घोळक्यातल्या एक बाई म्हणाल्या, "पण ही तर हसतेय."

आम्ही गाइड लोक उलटे चालतो. तोंड पर्यटकांकडे, पाठ शिल्पांकडे. इतक्या वर्षांत मला वळून बघायची गरजच पडलेली नाही. डोक्यावर उभा असलेला उलटा माणूस कुठं संपतो, पत्र्याचा वारा कुठं गुणगुणायला लागतो, नाक चोळून चोळून सोनेरी झालेला कुत्रा कुठं बसलाय, हे माझ्या टाचांना पाठ आहे. त्या सकाळी मात्र मी वळले.

नुकतीच लादी धुतलेली होती. कोवळं ऊन त्या पाण्यावर पसरलं होतं आणि पाण्यात चौकातला मनोरा उलटा, घड्याळासकट, हलके हलके हलत होता. त्या उजेडात ऐकणारी आपल्या बुटक्या स्टुलावर बसली होती, हात मांडीवर, मान किंचित उचललेली. आणि ती खरंच हसत होती. दात दाखवून नाही हो. घरातलं माणूस दारात आल्यावर आपल्या नकळत चेहरा उजळतो, तसं. मला क्षणभर वाटलं की मी अजून अंथरुणातच आहे.

मग डोकं ताळ्यावर आलं. मनोऱ्याच्या बाजूला तोंड करून बसणारी ही बया मनोऱ्याकडे पाठ करून बसली होती. चौथऱ्याच्या कडेचा दगडाचा टवका उडून खाली पडला होता.

"कुणीतरी हिला फिरवलंय," मी म्हणाले, आणि त्याच वेळी मनोऱ्याच्या तळघरातल्या खोलीतून माझे भावोजी अर्धवट दाढी केलेले तसेच धावत आले. रात्रीची राखण त्यांची.

२

उद्यान खात्याचे साहेब आले तोवर ऊन वर चढलं होतं आणि हसू मावळलं होतं. ऐकणारीचा चेहरा नुसताच ब्राँझचा झाला होता. मी हसण्याबद्दल सांगायला गेले तर साहेब म्हणाले, "तुमच्या गोष्टी पर्यटकांना सांगा."

त्यांनी टवका रुमालात गुंडाळून घेतला. "सार्वजनिक मालमत्तेची नासधूस. रात्रपाळीला कोण होतं?"

"मी होतो, पहाटेच्या घंटेपर्यंत," भावोजी म्हणाले.

"तुमच्या नाकासमोर एवढा पुतळा फिरला आणि तुम्हाला पत्ता नाही? उद्या दुपारी समितीची बैठक आहे. तोवर फिरवणारा सापडला तर ठीक. नाहीतर तुमच्या जागी दुसरा माणूस येईल. खोलीही त्यालाच लागेल."

खोलीच्या दारात ताई उभी होती. तिनं ओल्या हातांनी दाराची चौकट धरली. लग्न होऊन ती त्या खोलीत आली, तिची दोन्ही पोरं मनोऱ्याच्या घंटेच्या आवाजात झोपायला शिकली. नोकरी गेली तर छप्परही जाणार, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मला साहेबांचा इतका राग आला की मी पर्यटकांना त्यांचे पैसे परत देऊन टाकले आणि तडक आत्याकडे गेले.

आमची आत्या चौकाच्या कोपऱ्यावर फोटो स्टुडिओ चालवते. ओळखपत्राचे, पासपोर्टचे फोटो. गावातला प्रत्येक चेहरा कधी ना कधी तिच्या खिडकीजवळच्या स्टुलावर बसलाय आणि तिची बोलणी खाऊन उठलाय. हरवलेली माणसं, पळालेले जावई, खोटे भाऊ, असली बरीच प्रकरणं तिनं नुसत्या चेहऱ्यांवरून सोडवली आहेत. स्वभाव मात्र असा आहे की मदत मागायच्या आधी माणूस दोनदा विचार करतो.

मी सगळं सांगितलं. ती लेन्स पुसत राहिली.

"ती बाई काय म्हणाली, ते परत सांग."

"कोण बाई? अगं आत्या, भावोजींची नोकरी चाललीय आणि तू..."

"घोळक्यातली बाई गं. काय म्हणाली?"

"म्हणाली, ही तर हसतेय."

आत्यानं लेन्स ठेवली आणि चपला पायात सरकवल्या. "चल. आणि वाटेत थापा मारू नकोस, मला विचार करायचाय."

३

मेणवाली चौथऱ्याशीच बसली होती, डोक्याला हात लावून. ती वर्षातून एकदा येते आणि चौकातल्या सगळ्या ब्राँझच्या पुतळ्यांना मेण चढवते, म्हणजे पावसापाण्यानं ते खराब होत नाहीत. तिच्या अंगाला कायम मेणाचा मंद वास असतो.

"बोल्ट मीच ढिले केले होते काल," ती आत्याला म्हणाली. "खाली मधोमध लोखंडी खुंटा आहे, त्यावर बसते ती. खुंट्यात ग्रीस भरलं, रात्रभर मुरू दिलं. आज सकाळी आवळणार होते. दरवर्षी असंच करते, कधी काही झालं नाही."

"हे ढिलं आहे हे कुणाला माहीत होतं?"

"मी कामाला लागले की सगळा चौक गोळा होतो की बघायला. राखणदार होते, कॉफीवाला होता, साहेब होते, बाकावरचे काका होते."

"आणि ही एकट्यानं फिरते?"

"आत पोकळ आहे ना. ग्रीस ताजं असलं की पहार घालून एकटा माणूस फिरवेल. पण हे पहारीचं काम नाही. पहारीचं टोक रुंद असतं, त्यानं दगड असा टवकत नाही. काहीतरी बारीक लोखंड होतं."

आत्यानं 'हं' केलं आणि कॉफीवाल्याकडे मोर्चा वळवला. त्याची टपरी आजवर ऐकणारीच्या नजरेच्या टप्प्यात होती, कारण ती कधीच नीट मनोऱ्याकडे बघत नव्हती. थोडी तिरकी, मनोऱ्याच्या कडेवरून थेट त्याच्या किटलीकडे. तो आज भलताच खुशीत होता.

"कोण का असेना, भलं होवो त्याचं. माझं गिऱ्हाईक कप तोंडाला लावायचं आणि समोर ही रडणारी. अर्ज करून करून दमलो हो मी."

"म्हणजे तुम्हाला फायदा झाला," आत्या म्हणाली.

"झाला ना. पण बाई, मी फिरवली असती तर रस्त्याकडे तोंड करून बसवली असती. जाणाऱ्या-येणाऱ्यानं थबकावं, मग कॉफी घ्यावी. आता बघा कुठं बघतेय ती."

आम्ही बघितलं. ऐकणारीच्या समोर पाण्याच्या टाकीची कोरी भिंत होती. तिथं ना खिडकी ना दार.

साहेबांना मी मनातल्या मनात केव्हाच आरोपी केलं होतं. त्यांना सगळीच शिल्पं गोदामात टाकून तिथं कारंजी उडवायची होती, हे चौकातल्या कबुतरांनाही माहीत होतं. आत्या मात्र म्हणाली, "ज्याला काढूनच टाकायचीय तो फिरवत बसणार नाही. पाडली असती, तर मी त्याच्या घरी गेले असते."

राहिले बाकावरचे काका. काका म्हणजे शिल्पकार बाईंचे यजमान. बाई जाऊन बरीच वर्षं झाली. काका जन्मभर ओतशाळेत होते. बायकोनं मातीत घडवलेली ऐकणारी ब्राँझमध्ये ओतली ती त्यांनीच. चेहराही म्हणे बाईंचा स्वतःचाच आहे. रोज सकाळी त्यांची लोखंडी काठी लादीवर टकटक वाजत यायची आणि ते टपरीजवळच्या बाकावर, बरोबर तिच्या समोर, ऊन तापेपर्यंत बसून राहायचे.

आजही बसले होते. काठी दिसत नव्हती. शेजारी छत्री टेकवलेली होती. समोर बायकोची पाठ होती.

"वाईट झालं काका," मी म्हणाले. "आता तुम्हाला चेहरा दिसत नाही."

"पाठ दिसते की," ते म्हणाले. "चालायचंच."

ते इतक्या शांतपणे म्हणाले की मला भडभडून आलं. मी आत्याच्या कानात म्हणाले, "यांना तर विचारायचीही गरज नाही. जो चेहरा बघायला माणूस रोज येतो, तो कोण फिरवेल?"

आत्या काकांकडे बघत नव्हती. ती ऐकणारीच्या बैठकीवर वाकली होती. तिथं ब्राँझमध्ये एक खोल रेघ ओढलेली आहे, एका बाजूला.

"ही काय?"

"ती होय? ती शिल्पकार बाईंनी मनोऱ्याला केलेला नमस्कार आहे. आधी बरोबर मनोऱ्याकडे रोखलेली होती."

"हे तुला कुणी सांगितलं?"

कुणीच नाही. ते माझं पदरचं होतं.

आत्या सरळ झाली, रेघेच्या दिशेनं बोट धरून तिनं दूरवर पाहिलं. रेघ आता चौकाबाहेर, दोन इमारतींच्या मधल्या फटीकडे रोखलेली होती. सकाळी तिथूनच ऊन आत येतं.

"तुझे भावोजी सुटले," ती म्हणाली. "हे काम अंधारात झालेलंच नाही."

४

स्टुडिओत आल्यावर तिनं मला स्टुलावर बसवलं. खिडकी उघडली, बाकी दिवे मालवले.

"सगळे विचारतायत, ही आता कुठं बघते. कॉफीवाला म्हणतो रस्त्याकडे हवी होती, साहेब म्हणतात मनोऱ्याकडे, तू म्हणतेस काकांकडे. आणि ती बघतेय एका कोऱ्या भिंतीकडे. म्हणजे जिनं किंवा ज्यानं फिरवली, त्याला ती कुठं बघते याच्याशी देणंघेणंच नव्हतं. हलू नकोस."

तिनं स्टूल एका बाजूला फिरवलं आणि फोटो काढला. मग दुसऱ्या बाजूला फिरवलं आणि पुन्हा काढला. मी दोन्ही वेळा सारखंच तोंड केलं होतं, म्हणजे भावोजींच्या काळजीचं.

पडद्यावर दोन्ही शेजारी शेजारी लावल्यावर मी बघतच राहिले. पहिल्या फोटोत माझे डोळे खोल गेले होते आणि ओठांचे कोपरे खाली ओघळले होते. मयताला आलेली बाई दिसत होते मी. दुसऱ्यात डाव्या बाजूनं, जरा वरून उजेड येत होता. तोच चेहरा, तीच काळजी, पण आतून कुणीतरी हाक मारल्यासारखी मी उजळले होते.

"मातीत काम करणारा माणूस एका खिडकीच्या उजेडात काम करतो," आत्या म्हणाली. "गालावर सावली किती पडते ते बघून तो अंगठा दाबतो. त्या खिडकीपुरतंच ते हसू खरं असतं. आता तोच चेहरा मनोऱ्याच्या सावलीत ठेव. वरचा उजेड बंद, खालून लादीचा पांढरा उजेड. कुणीही रडूबाईच दिसेल. इतकी वर्षं सगळं गाव एका हसणाऱ्या बाईला रडकी म्हणत आलंय."

"मग ती रेघ?"

"खिडकी कुठं होती त्याची खूण असणार. उजेड इकडून, असं."

रोज सकाळी मी लोकांना काय काय सांगत होते. मेलेला नवरा, बुडालेला मुलगा.

"आणि असं उजेड बघत बघत, थोडं थोडं फिरवत काम करायचं तर सूर्य उगवलेला हवा. भावोजींची पाळी पहाटेच्या घंटेला संपते. दिवसाचा राखणदार त्यानंतर बऱ्याच वेळानं येतो. ते खिंडार साहेबांनीच पाडलंय, पगार वाचवायला. काम त्या खिंडारात झालंय."

"पण कुणी केलं?"

आत्यानं टेबलाचा खण उघडला आणि दोन छोटे फोटो काढून माझ्या हातावर ठेवले. पहिला वाया गेलेला, दुसरा चांगला. दोन्हीत एकच म्हातारा चेहरा होता.

"मागच्या आठवड्यात आले होते, ओळखपत्रासाठी. खिडकीकडे पाठ करून बसले. मी पहिला काढला आणि खेकसले त्यांच्यावर. म्हटलं, उजेडाकडे वळा, चुकीच्या बाजूला बसवलं की हसरं माणूसही रडकं दिसतं. ते वळले, मी दुसरा काढला. दोन्ही फोटो हातात घेऊन इतका वेळ बसले की मला वाटलं यांना बरं नाहीये." आत्यानं खण लावला. "माझीच जीभ कारणीभूत आहे गं."

५

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या घंटेला आम्ही चौकात होतो. आत्यानं साहेबांनाही निरोप धाडला होता. ते जांभया देत, चिडून आले होते. भावोजी होते, डोक्यावरून पदर घेतलेली ताई होती. आकाश दुधासारखं होतं आणि शिल्पं त्यात अर्धी बुडाली होती. पत्र्याचा वारा आपल्याशीच काहीतरी म्हणत होता.

काका आले ते आवाज न करता. आत्यानं त्यांच्या हातावर दोन फोटो ठेवले आणि म्हणाली, "काठी कुठंय काका?"

त्यांनी फोटो एकावर एक नीट ठेवले. मग म्हणाले, "वाकली. घरी आहे. ग्रीस असूनही जड गेलं मला."

ताईनं डोळे मिटून घेतले.

"तुमची नोकरी जाईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही," काका त्यांना म्हणाले. "काल तर मला काही समजतच नव्हतं. तिची पाठ बघत बसलो होतो. आज साहेबांकडे येणारच होतो. हात जोडतो तुमच्यापुढे."

"पण का?" साहेबांनी विचारलं.

काका बाकावर टेकले. "ती दवाखान्यात होती तेव्हा हा पुतळा बसवला. माती कालवली तिनं, ओतला मी, पण बसवायला ती नव्हती. ज्यावर ठेवून ती माती घडवायची, त्या फिरत्या चौरंगावर एक रेघ होती. ती मी ब्राँझवर उतरवून घेतली होती, बसवताना उपयोगी पडेल म्हणून. खात्याच्या माणसांनी विचारलं, कुठली बाजू मनोऱ्याकडे? मला वाटलं, तिनं खूण केलीय ती मनोऱ्यासाठीच असणार. म्हटलं, ही. तिला विचारायचं राहून गेलं. मग ती घरी आलीच नाही."

काकांनी छत्री गुडघ्यांवर आडवी घेतली.

"माझी कायम रात्रपाळी. सकाळी घरी यायचो. ती खिडकीत बसलेली असायची, हात मांडीवर, जिन्यावर माझे पाय वाजले की मान अशी उचलायची. तेच घडवलं तिनं. ऐकणारी म्हणजे दुसरं काही नाही हो, मी आलोय ते ऐकणारी." त्यांनी समोरच्या पाठीकडे पाहिलं. "मी तिला सावलीत बसवलं. रोज इथं येऊन बसायचो आणि वाटायचं, ही माझ्यावर नाराज आहे. शेवटच्या दिवसांत मी कुठं कमी पडलो ते आठवत बसायचो. या बाईंनी मला खिडकीकडे वळवलं तेव्हा कळलं, ती रेघ खिडकी होती."

"पण मग तुम्हालाच चेहरा दिसेनासा झाला," मी म्हणाले.

"मी पाहिलाय तो. बाकीच्यांनी तिला रडूबाई म्हणू नये, एवढंच होतं."

मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

साहेबांनी घसा खाकरला. "हे सगळं ठीक आहे. राखणदारांवर ठपका राहणार नाही, तो वेळ त्यांचा नव्हता, मी समितीला तसं सांगतो. पण पुतळा मूळ जागी फिरवावा लागेल. नियम आहे."

"मूळ म्हणजे कुठलं?" आत्या म्हणाली. "तिनं घडवला ते, की चुकून बसवला ते? उत्तर द्यायची घाई करू नका. जरा इकडे येऊन उभे राहा."

तिनं साहेबांना कोपराला धरून कोऱ्या भिंतीशी नेऊन उभं केलं, फोटोसाठी माणसाला उभं करते तसं. आम्हीही गेलो. दोन इमारतींच्या फटीतून ऊन आलं. आधी ते ऐकणारीच्या केसांवर चढलं, मग कपाळावरून खाली सरकत डाव्या गालावर आलं. मग ओठांचे कोपरे सावकाश वर गेले. ब्राँझ हलत नाही हे मला ठाऊक आहे, पण मी ते हलताना बघितलं.

"बाई गं," ताई हळूच म्हणाली.

साहेबांनी चष्मा काढून पुसला, काही कारण नसताना. "पुतळा हलवायला मंजुरी लागते," ते म्हणाले, "म्हणजे परत फिरवायलाही लागणारच. ती मी मागणार नाही. टवक्याचं बघतो मी." ते जायला निघाले, दोन पावलं गेले आणि थांबले. "बाक मात्र खात्याचाच आहे. बाक हलवायला कुणाची मंजुरी लागत नाही."

भावोजींनी एक टोक धरलं, तोवर टपरी उघडायला आलेल्या कॉफीवाल्यानं हातातली किटली खाली ठेवून दुसरं. मेणवालीनं येऊन बोल्ट आवळले, चांगले घट्ट.

आता बाक टाकीच्या भिंतीला लागून आहे. मी लोकांना तिथं सकाळीच नेते आणि त्यांच्याबरोबर मीही तिच्याकडे तोंड करून उभी राहते. पदरचं काही सांगत नाही. काका येतात, पण काठी अजून वाकलेलीच आहे आणि छत्रीचा आवाज होत नाही. म्हणून बाकाजवळ आले की ते घसा साफ करतात आणि तिला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणतात, "आलो गं."

मग ते बसतात, आणि मी माझ्या लोकांना घेऊन कुत्र्याकडे जाते.